तोफेला धाव चढवणारा वकील

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत दोन पानांच्या वर लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रूममेटने लाल पेनाने काढून दिल्या आहेत. उरलेल्या पोटात घाला.

दुसरी कबुली म्हणजे गेल्या सेमिस्टरला मला ओरलमध्ये केटी लागली. सगळ्या होस्टेलला माहीत आहेच, तेव्हा लपवून उपयोग नाही. एक्स्टर्नल सरांनी विचारलं की सिलिंडरमधला दाब वाढला तर काय कराल. मी म्हटलं, भिंत जाड करीन. दाब आणखी वाढला तर? आणखी जाड करीन. किती जाड? लागेल तेवढी, असं मी छातीठोक सांगितलं. सरांनी माझं जर्नल हळूच मिटलं आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं.

नंतर पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की मी काय बोलून बसले. पोकळीची त्रिज्या जेवढी, तेवढीच भिंत जाड ठेवली, तर आतल्या पृष्ठभागावरचा हूप स्ट्रेस आतल्या दाबाच्या साधारण १.६७ पट असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर फक्त ०.६७ पट. भिंत दुप्पट जाड केली तर आत १.२५ पट, बाहेर ०.२५ पट. म्हणजे आतला थर मरमर मरतो आणि बाहेरचा लोळत पडतो. आमच्या सबमिशनच्या ग्रुपसारखंच! भिंत कितीही जाड करा, आतल्या थरावरचा ताण दाबाच्या खाली येतच नाही. लामेचं हे सूत्र पाठ होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

केटीच्या रागात लायब्ररीत जाऊन बसले आणि जाड भिंतीच्या सिलिंडरचा माग काढता काढता एका माणसापाशी पोचले. विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला नव्हे. हा त्याच्या शंभर वर्षं आधीचा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. धंद्याने वकील. आणि याच वकिलाने पुढे १०० टनांची तोफ बनवली.

वकिलीची अकरा वर्षं

आर्मस्ट्राँगचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० चा. वडील धान्याचे व्यापारी, पुढे न्यूकॅसलचे महापौर झाले. मुलगा लहानपणी सारखा आजारी. घरात कोंडलेला हा मुलगा जुने चरखे आणि वजनं बांधून जिन्यावर कसली कसली यंत्रं चालवायचा. वडिलांनी मात्र त्याला वकील करायचं ठरवलं होतं. आपल्याकडे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर असतं, तसं त्यांच्याकडे वकील. वडिलांचे स्नेही डॉन्किन यांची फर्म तयारच होती. आर्मस्ट्राँगने मुकाट्याने कायदा शिकून घेतला आणि सुमारे अकरा वर्षं दावे, करार, खरेदीखतं केली.

पण डोकं यंत्रांतच. मासे पकडायचा त्याला भारी नाद. एकदा डेंटडेलला नदीकाठी फिरताना त्याने एक पाणचक्की पाहिली. इतक्या उंचावरून येणाऱ्या पाण्यातली किती थोडी शक्ती ती चक्की वापरते, हे त्याच्या मनात बसलं. त्यातून दाबाच्या पाण्यावर चालणारं यंत्र आलं आणि १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर हायड्रॉलिक क्रेन उभी राहिली. तीही नळाच्या पाण्याच्या दाबावर! १८४७ मध्ये त्याने वकिली सोडली आणि टाइन नदीकाठी एल्सविकला कारखाना काढला. वय ३६.

जिथे पाण्याला पुरेसा दाब नव्हता, तिथे त्याने ॲक्युम्युलेटर बसवले. म्हणजे एक उभा सिलिंडर, त्यात प्लंजर, प्लंजरवर दगडमातीने भरलेली प्रचंड पेटी. स्टीम इंजिनने हळूहळू पाणी आत ढकलून पेटी वर चढवायची आणि हवा तेव्हा तो दाब एका झटक्यात वापरायचा. ही पेटी लक्षात ठेवा, तोफ भरताना ती परत येणार आहे.

चिखलात रुतलेल्या तोफा

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध चालू होतं. ५ नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. इंग्रजांनी दोन मोठ्या १८ पौंडी तोफा मोठ्या मिनतवारीने ओढत आणल्या आणि त्यांनी लढाईचं पारडं फिरवलं. ही बातमी आर्मस्ट्राँगने पेपरात वाचली. त्याला प्रश्न पडला की तोफ इतकी जड का? बिडाची किंवा ब्राँझची ओतीव तोफ फुटू नये म्हणून भिंत जाड करत न्यायची, हाच तोपर्यंतचा उपाय होता. थोडक्यात, माझंच ओरलमधलं उत्तर.

आर्मस्ट्राँगने ओतकाम सोडलं. रॉट आयर्नची लांब पट्टी लालभडक तापवून ती स्प्रिंगसारखी गजाभोवती गुंडाळायची आणि घणाने ठोकून वेटोळी एकजीव करायची. त्यामुळे लोखंडाचे तंतू नळीच्या घेराच्या दिशेने जातात, म्हणजे ताण येतो नेमका त्याच दिशेने. मग दुसरी नळी घ्यायची, तिचं भोक पहिलीच्या बाहेरच्या मापापेक्षा केसभर लहान ठेवायचं, तापवून फुगवायची, पहिलीवर सरकवायची आणि थंड होऊ द्यायची. ती आकसते आणि आतल्या नळीला आवळून धरते.

हे वाचताना मला आमच्या गावचा लोहार आठवला. वाईजवळ आमचं गाव. मी सहा-सात वर्षांची असताना आजोबांबरोबर बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली होती. जमिनीवर लोखंडी कडं, त्याच्यावर गोवऱ्यांचा जाळ. कडं लाल झालं की तिघा-चौघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि धबाधब पाणी ओतायचं. धूर, वाफ, आणि लाकडाचा कडकड आवाज. आरे तुंब्यात घट्ट बसत जायचे. आजोबांनी तेव्हा सांगितलं होतं की धाव आधीच आवळून ठेवते, म्हणून रस्त्यावर चाक खिळखिळं होत नाही.

तोफेतही तेच. आतला थर आधीच दाबलेला असतो. बार उडाला की ताणाचा पहिला हिस्सा तो आवळ सोडवण्यातच खर्च होतो. बाहेरचा थर, जो एरवी लोळत पडला असता, त्याला कामाला लावलं जातं. लोखंड तेवढंच, पण ताण वाटून घेतलेला. कड्या चढवायची कल्पना एकट्या आर्मस्ट्राँगची नव्हती. कॅप्टन ब्लेकलीने १८५५ मध्येच तशा तोफेचं पेटंट घेतलं होतं आणि त्यावरून वादही झाले. पण कारखान्यात एकामागून एक तशा तोफा काढून दाखवणं हे आर्मस्ट्राँगचं काम.

भरायची पद्धतही बदलली. जुनी तोफ तोंडातून भरायची, ही मागून. मागच्या टोकाला पोकळ स्क्रू, त्यातून गोळा आणि दारू आत सरकवायची, वरच्या खाचेत लोखंडी ठोकळा टाकायचा आणि स्क्रू आवळून ठोकळा घट्ट बसवायचा. गोळा वाटोळा नाही, लांबट. त्याच्यावर शिशाचा लेप, नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठा. बार उडाला की शिसं नळीतल्या पिळदार खाचांत दाबलं जातं आणि गोळा गरगरत बाहेर पडतो. तोंडातून भरायचा गोळा सैल असावाच लागतो, नाहीतर आत जाणार कसा? मागून भरला तर घट्ट बसवता येतो. म्हणून नेम अचूक.

सरकारने १८५८ मध्ये ही तोफ मान्य केली. आर्मस्ट्राँगने पेटंट सरकारला फुकट देऊन टाकलं. १८५९ मध्ये तो सर विल्यम झाला.

पुढून आणि मागून

१८६० मध्ये चीनमधल्या ताकू किल्ल्यांवर या तोफा पहिल्यांदा लढाईत चालल्या. ऑगस्ट १८६३ मध्ये इंग्रजी आरमाराने जपानच्या कागोशिमा शहरावर मारा केला. शहराचा मोठा भाग जळाला. त्याच माऱ्यात तोफांनी आपल्याच गोलंदाजांनाही सोडलं नाही. २१ आर्मस्ट्राँग तोफांनी ३६५ फेरी झाडल्या आणि त्यात २८ अपघात झाले. छोट्या तोफांना जो ठोकळा पुरत होता, तो ७ इंची मोठ्या तोफेच्या दाबाला पुरला नाही. माप वाढवलं की जुनं डिझाइन तसंच मोठं होत नाही, हे आपल्याला सेकंड इयरला सांगतात. तिथे ते माणसांच्या जिवावर कळलं.

शिवाय व्हिटवर्थसारखा तगडा स्पर्धक होताच. ज्याच्या नावाची आटी आपण वर्कशॉपमध्ये पाहतो, तोच. त्याची तोफ षटकोनी भोकाची. समित्या बसल्या, चाचण्या झाल्या, पेपरात भांडणं झाली. शेवटी सरकारने मागून भरायचं प्रकरणच सोडलं आणि परत तोंडातून भरायच्या तोफांकडे वळलं. आर्मस्ट्राँगने १८६३ मध्ये सरकारी पद सोडलं आणि एल्सविकमध्ये जगासाठी तोफा बनवायला लागला.

इथे आपल्याशी नातं सांगणारी एक गोष्ट येते. १८६७-६८ मध्ये सर रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून फौज ॲबिसिनियाला गेली. त्या डोंगराळ वाटांवर आर्मस्ट्राँगच्या १२ पौंडी तोफा हिंदुस्थानातून जहाजाने नेलेल्या हत्तींच्या पाठीवर होत्या. १३ एप्रिल १८६८ ला मॅग्दाला पडलं आणि नेपियर लॉर्ड नेपियर ऑफ मॅग्दाला झाला. त्याचं नाव पुन्हा येईल.

१०० टन

एल्सविकमध्ये अँड्र्यू नोबल नावाचा तोफखान्यातला कॅप्टन नोकरीला आला होता. त्याने नळीत गोळा कुठे असताना त्याचा वेग किती, हे मोजायचं यंत्र बनवलं. ॲबेल या रसायनशास्त्रज्ञाबरोबर बंद भांड्यात दारू पेटवून दाबही मोजला. त्यातून कळलं की बारीक दारू एकदम भडकते, दाबाचं टोक उंच जातं आणि तोफ फुटते. दाणे मोठे, खड्यांएवढे केले तर जळण सावकाश होतं, टोक खाली येतं आणि गोळ्याला बराच वेळ रेटा मिळतो. पण त्या रेट्याचा फायदा घ्यायला नळी लांब हवी. आणि लांब नळी तोंडातून भरायची कशी?

आर्मस्ट्राँगच्या कारखान्याचं उत्तर होतं, पाणी वापरा. इटलीने आपल्या दुइलिओ जहाजासाठी तोफा मागवल्या होत्या. वजन १०० टन, भोक ४५० मिलिमीटर. पहिली १८७६ मध्ये इटलीत पोचली आणि ती जहाजावरून उतरवायला आर्मस्ट्राँगचीच हायड्रॉलिक क्रेन लागली. मग इंग्लंडनेही चार घेतल्या. दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला.

माल्टाच्या रिनेला बॅटरीत ही तोफ कशी भरायचे ते वाचून मी अर्धा तास कागदावर स्केच काढत बसले. गोळा सुमारे ९०० किलोचा, दारू सुमारे २०० किलो. हाताने उचलायचा प्रश्नच नाही. तळघरात स्टीम इंजिन आणि तोच आपला ॲक्युम्युलेटर. बार झाला की सगळी तोफ पाण्याच्या दाबावर बाजूला फिरायची, तोंड खाली वाकवून जाड भिंतीआडच्या खोलीसमोर यायची. आतून हायड्रॉलिक दांडा नळीत शिरून आधी पाण्याने धुवून काढायचा, कारण ठिणगी उरली तर संपलंच. मग दारू ठासायची, मग गोळा. तोफ परत फिरून समुद्राकडे. पुढच्या फेरीला दुसऱ्या बाजूची खोली. साधारण सहा मिनिटांना एक गोळा. भरणारा माणूस शत्रूला दिसतच नाही. पण त्यालाही नळीच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि तेच महागात पडलं.

२ जानेवारी १८७९ ला मार्माराच्या समुद्रात थंडरर या इंग्रजी युद्धनौकेवर सराव चालू होता. तोफा ३८ टनी, वूलिचच्या, तोंडातून भरायच्या. भरण्याची हायड्रॉलिक यंत्रणा एल्सविकच्या रेंडेलची. दोन तोफा एकदम झाडल्या. त्यातली एक उडालीच नाही. आवाज आणि धूर इतका की कोणाला कळलं नाही. दोन्ही पुन्हा भरल्या गेल्या. हाताने ठासलं असतं तर दांडा अलीकडेच अडला हे लगेच जाणवलं असतं. पाण्याचा दाब काही जाणवू देत नाही. पुढच्या बारात तोफ फुटली आणि ११ जण गेले. चौकशी समितीने दोनदा भरणं हेच कारण काढलं. त्या जहाजावरची जोडीची तोफ वूलिचला नेऊन मुद्दाम दोनदा भरली, ती तशीच फुटली. त्यानंतर इंग्रजी आरमार परत मागून भरायच्या तोफांकडे वळलं. मागून भरताना नळी मोकळी आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

१०० टनी तोफांचा आणखी एक शेवट सांगते. जिब्राल्टरमधली एक जिथे बसवली, त्या जागेचं नाव नेपियर ऑफ मॅग्दाला बॅटरी. मॅग्दालाचा तो नेपियर पुढे जिब्राल्टरचा गव्हर्नर झाला होता. ती तोफ आणि रिनेलाची तोफ आजही जागेवर आहेत. इंग्लंडच्या त्या चारही तोफांनी शत्रूवर एकही गोळा झाडला नाही.

दोन आर्मस्ट्राँग

एवढं वाचून मला हा माणूस आवडायला लागला होता. क्रॅगसाइड नावाचं त्याचं घर तर इंजिनिअरचं स्वप्नच. तळ्यातलं पाणी खाली आणून टर्बाइन फिरवायचं आणि त्या विजेवर १८७८ मध्ये दिवा लावायचा. त्या वेळी जगात घरात पाण्याची वीज नव्हती. लिफ्ट आणि स्वयंपाकघरातला मांस भाजायचा गजसुद्धा पाण्यावर. १८६३ मध्येच त्याने इंग्लंडचा कोळसा कायमचा पुरणार नाही असं सांगितलं होतं, आणि सूर्याच्या शक्तीबद्दलही तो बोलत असे. लंडनचा टॉवर ब्रिज त्याच्या कंपनीच्या हायड्रॉलिक यंत्रांवर उघडायचा. न्यूकॅसलच्या कॉलेजला त्याने हात दिला, पुढे ते त्याच्या नावाने ओळखलं गेलं आणि आज तिथे विद्यापीठ आहे.

पण १८७१ मध्ये त्याच्याच कामगारांनी दिवसाला नऊ तासांच्या कामासाठी संप केला, तेव्हा हा माणूस मालकांच्या बाजूने महिनोन् महिने अडून बसला. शेवटी कामगार जिंकले. आणि १७ सप्टेंबर १८९४ ला यालू नदीच्या मुखाशी चीन आणि जपानचं आरमार भिडलं. जपानच्या बाजूला नानिवा आणि योशिनो, चीनच्या बाजूला चिह युएन. तिन्ही जहाजं आर्मस्ट्राँगच्या कंपनीची. चिह युएन माणसांसकट बुडालं. माल पाठवून, बिलं वसूल करून कंपनी दोन्हीकडून मोकळी झाली होती. शस्त्र बनवणाऱ्याची नव्हे, वापरणाऱ्याची जबाबदारी, अशी त्याची भूमिका होती. २७ डिसेंबर १९०० ला, नव्वदाव्या वर्षी तो गेला. मूलबाळ नव्हतं.

ही भूमिका मला पटते का, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता लेखापुरता नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी सरांनी मला कंपाउंड सिलिंडरचा विषय दिला आहे. स्पॉन्सर करणारी संस्था संरक्षण खात्यासाठी काम करते. तो सिलिंडर कशाचा असेल हे सांगायला नको.

माझ्या आजोबांनी बत्तीस वर्षं एका दारूगोळ्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. घरी त्याबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. या सुट्टीत त्यांना विचारलं की तुम्हाला कधी काही वाटलं नाही का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की त्यांना एकच भीती होती, गेजमध्ये न बसणारा एखादा गोळा आपल्या सहीने बाहेर जाईल आणि आपल्याच जवानाच्या हाताशी फुटेल. तो कोणावर पडेल याचा विचार त्यांनी कधी केला नाही, असं ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, मी काही न विचारता म्हणाले की केला नाही असं नाही, करू दिला नाही.

थंडररचे ११ जण तोफेच्या मागे होते, कागोशिमाचे लोक पुढे. आर्मस्ट्राँगने मागच्यांसाठी आयुष्यभर डोकं चालवलं आणि पुढच्यांचा हिशेब दुसऱ्यांवर सोडला. आजोबांनी निदान तो हिशेब आपल्याकडे आहे हे ओळखलं होतं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आपला देश आहे, सीमेवर आपलीच माणसं उभी आहेत, हेही खरंच आहे.

प्रोजेक्टचा फॉर्म भरून दिला आहे. उद्या ही नळी दुसऱ्या कोणाला विकायची वेळ आली तर कोणाला आणि कशासाठी, हे विचारायचं असं मात्र ठरवलंय. विचारणाऱ्याला नोकरीत काय मिळतं ते तेव्हा कळेलच.

त्याआधी केटीची ओरल आहे. एक्स्टर्नल तेच सर असतील तर बरं. या वेळी भिंत जाड करणार नाही, धाव चढवीन.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल